टेलवरचा खुबा

माझ्या मांडीच्या हाडात आता एक धातूचा दांडा आहे, आणि तो ठोकून बसवतानाचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे. कमरेखालचं अंग बधिर केलेलं, छातीपुढं हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडून सुताराच्या दुकानासारखी ठकठक. मला वाटलं, दवाखान्याच्या वरच्या मजल्याचं काम चाललं असेल. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई उशाशी बसल्या होत्या. पेशंट आत असताना तरी बांधकाम बंद ठेवता येत नाही का, असं मी त्यांना जरा ठसक्यातच विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, ते तुमचंच चाललंय."

तेव्हाच तोंड मिटून घ्यायला शिकलो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण गप्प बसणं आमच्या खात्यात कुणाला जमलेलं नाही. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कालव्याच्या कडेनं मोटारसायकल हाकत फिरायचं, दारं उघडायची, दारं लावायची, आणि उरलेल्या वेळात लोकांना समजावून सांगायचं की पाणी त्यांच्यापर्यंत का पोचलेलं नाही. नोकरीचा मोठा भाग या समजावण्यातच गेला. धरणातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या फुटतात, आणि चारीच्या पार शेवटाला ज्यांची शेतं असतात त्यांना आम्ही टेलवाले म्हणतो. कागदावर त्यांचा हक्क सगळ्यांइतकाच असतो. पण मधले लोक पाइप टाकून पाणी ओढतात, चारीत गवत माजतं, कुठं मुळात उतारच चुकलेला असतो, आणि टेलवाला खांद्यावर फावडं घेऊन कोरड्या चारीच्या काठावर बसलेला असतो. त्याला सांगायचं वाक्य ठरलेलं होतं. पाणी सोडलंय, पोचेल.

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं शेत टेललाच आहे. कन्नड तालुक्यातल्या एका गावात तिला दिली, तिथल्या लहान धरणाच्या चारीवर. काही वर्षं ती चारी माझ्याच ताब्यात होती. भाऊ कालव्यावर म्हटल्यावर आपली पट्टी भिजली, असं कुठल्याही बहिणीला वाटेल, तसं तिलाही वाटलं. मी खटपट कमी केली नाही. एकदा तर स्वतः चारीत उतरून गवत उपटायला लागलो, पाय घसरून आडवा झालो, आणि तसाच निथळत तिच्या घरी जेवायला गेलो. त्या हंगामात माझ्या कपड्यांतून गेलं तेवढंच सरकारी पाणी तिच्या शिवारात पोचलं. आक्का ही गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगते. मीही सांगतो, मी सांगितली की जरा कमी लागते.

तर असा मी निवृत्त होऊन पुंडलिकनगरातल्या घरी बसलो आणि माझा डावा गुडघा दुखायला लागला. गुडघा म्हणजे गुडघाच, त्यात मला शंका नव्हती. मी तिळाचं तेल चोळलं. मेडिकलमधून गुडघ्याला घालायची घट्ट टोपी आणली. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून एरंडाची पानं बांधली. पार्कात एक गृहस्थ गुडघ्याचे व्यायाम शिकवायचे, त्यांच्या पहिल्या रांगेत उभा राहिलो आणि महिन्याभरात शेवटच्या रांगेत गेलो. बायको म्हणायची, अहो, तुम्ही लंगडता ते कमरेतून लंगडता. मी तिला म्हणालो, दुखतंय कुणाला, तुला का मला?

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला पलंगावर निजवलं, गुडघ्याला हात न लावता अख्खा पाय आतल्या बाजूला वळवला, आणि मी असा काही ओरडलो की बाहेरच्या बाकावरच्या बाई उठून निघून गेल्या. गुडघा उत्तम होता. बिघाड खुब्यात होता आणि कळ खाली गुडघ्यात उतरत होती. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की टेलला पाणी नसलं की वरच्या अंगाला जाऊन बघावं, बिघाड तिथंच असतो. आणि स्वतःच्या पायात मी टेललाच तेल चोळत बसलो होतो.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्याच्या वाटीत फिरतो, त्याला रक्त मिळेनासं झालं होतं. त्या गोळ्याला रक्ताच्या वाटा मुळातच थोड्या आणि बारीक असतात; त्या बंद पडल्या की हाड आतून वाळतं आणि मग वजनाखाली खचतं. डॉक्टरांनी विचारलं की साथीच्या काळात आजारी होतात का. होतो. श्वास पुरत नव्हता, आणि सलाइनमधून जे औषध दिलं त्यानं मी वाचलो. त्यानंच झालं असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, असू शकेल, नसूही शकेल, कधी कधी कारण सापडतच नाही. मला कुणावर तरी रागवायचं होतं. ज्या औषधानं फुप्फुस वाचवलं त्याच्यावर रागवावं तर कृतघ्नपणा, आणि दुसरं कुणी समोर नव्हतं. मी गुडघ्याच्या टोपीवर रागावलो आणि ती फेकून दिली.

"म्हणजे नवा सांधा बसवला की रक्ताचा प्रश्न मिटला," मी म्हणालो.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. शांत बोलायचे. म्हणाले, "गोळ्याचा मिटला, कारण गोळा आपण कापूनच काढणार. भोवतालच्या हाडाचा प्रश्न तिथून पुढं सुरू होईल."

मग त्यांनी एक पेन उघडून आतली कांडी काढली आणि मला सगळं दाखवलं. मांडीचं हाड भरीव नसतं, आत पोकळीत मज्जा असते, आणि हाडाला बरंचसं रक्त आतून, त्या मज्जेतल्या वाटांनी मिळतं. बाहेरून हाडावर एक पातळ साल असते, तिच्यातूनही थोडं येतं. नव्या सांध्याचा दांडा बसवायचा म्हणजे आतली पोकळी कानशीसारख्या हत्यारानं खरवडून दांड्याच्या मापाची करायची आणि दांडा ठोकून गच्च बसवायचा. त्यात आतल्या रक्ताच्या वाटा मोडतात. काही काळ हाडाचा आतला भाग उपाशी राहतो आणि सगळी भिस्त बाहेरच्या सालीवर. मग आठवड्यांनी, महिन्यांनी आतून नव्या वाटा फुटतात, दांड्याच्या कडेकडेनं सरकतात, आणि दांडा मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो त्याला हाड धरतं. धरलं की सांधा पक्का. नाही धरलं तर दांडा आत हलत राहतो, मांडी दुखत राहते, आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

"सिमेंट लावतात म्हणे."

"लावतात. तुमचं हाड चांगलं आहे, तुम्हाला नको."

माझ्या हाडांचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. त्या भरात मी सही करून टाकली. मग दारातून मागं वळून विचारलं, की हाडानं दांडा धरावा म्हणून मी काय करायचं?

"काही नाही. जपून चाला, पडू नका, मांडी घालून किंवा उकिडवं बसू नका. तंबाखू असेल तर सोडा."

"मी तंबाखू खात नाही."

"मग तुम्हाला सोडायलासुद्धा काही नाही," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं, ठकठक झाली, मी घरी आलो. दोन पायांमध्ये उशी बांधून उताणं निजायचं, कूस बदलायची तर बायकोला हाक मारायची. चालताना वॉकर, बसायला उंच खुर्ची, बाकीच्या कामाला खुर्चीसारखा कमोड, तो गॅलरीत ठेवायचा की आत यावर घरात एक बैठक झाली. जखम छान भरत होती. दुखणं म्हणाल तर होतं, मांडीच्या मध्यावर, आत, अगदी जिथं दांड्याचं टोक असावं तिथं. सुरुवातीला असं दुखतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सुरुवात कुठं संपते ते सांगितलं नव्हतं. रोज सकाळी जाग आली की मी डोळे न उघडता मांडीकडं लक्ष द्यायचो. आत काही होतंय का? रक्त सरकतंय का? जणू ऐकू येणार होतं.

आमच्याकडं माणूस दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांनी बघायला यायचं असतं. जो येत नाही त्याचं नाव पुढच्या लग्नापर्यंत निघतं. आलेला प्रत्येक जण पलंगाच्या कडेला बसायचा, पायाकडं बघायचा, आणि कुणाच्या तरी मेहुण्याचं असंच ऑपरेशन कसं बिघडलं ते सांगायचा. यावर उपाय म्हणून मी आधीच बोलायला सुरुवात करायचो. उशाशी टॉवेल होता, तो लांब करून मांडीवर ठेवायचा. हा कालवा. ही धरणाची बाजू. आतली मोठी चारी ऑपरेशनमध्ये मोडली. बाहेरची साल म्हणजे शेजाऱ्याच्या शेतातून येणारं पाझरपाणी, सध्या त्यावर भागतंय. आणि इथं खाली, दांड्याच्या टोकाशी, टेल. पाहुणे गार पडायचे. बायको चहा ठेवताना टॉवेल उचलून घेऊन जायची, तरी मी चादरीच्या चुणीवर चालू ठेवायचो.

माझा एक जुना दोस्त शहागंजकडं राहतो, आमच्याच खात्यातला, धरणाच्या दारांवर नोकरी काढलेला. त्यानं माझं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं, कप खाली ठेवला आणि मान हलवत म्हणाला, "साब, तुमारी टांग में बी अपनाच महकमा घुस गया. अब कायकू पोंचता पानी."

हसलो दोघंही. तो गेल्यावर मला ते हसू पचेना.

मग आक्का आली. कन्नडच्या एसटीनं, पिशवीत शेंगा, ज्वारीचं पीठ आणि तळाला एक फडक्याची पुरचुंडी. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला, पलंगाजवळ खाली फरशीवर बसली, आणि मी टॉवेल लांब केला.

तिच्यासारखी ऐकणारी मला भेटली नव्हती. बाकीचे माना हलवायचे, ती प्रश्न विचारायची. आतली वाट मोडली, अन आता बाहेरच्या सालीवर हाय म्हण. व्हय. ती साल कुठं असती? मांसाच्या खाली, हाडाला चिकटून. म्हंजी कातड्याकडून गेलं तर जवळच. मी म्हणालो, तसं म्हणायला हरकत नाही. आणि म्हणताना मला आनंदच झाला, की खात्यातल्या साहेबांना जे कळलं नसतं ते हिला कळलं.

"अन तू काय करायलास?"

"वाट बघायलो."

आक्कानं टॉवेलाची घडी घातली. "वाट बघून टेलला पाणी येतं व्हय रे, बापू?"

याला उत्तर असतं तर मी नोकरीत असतानाच दिलं असतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या नवऱ्यानं माझ्या शब्दावर विसंबून किती हंगाम वाट बघितली, आणि मग शेवटी विहिरीत आडवं बोअर मारलं, तेव्हा ज्वारी हाताला लागली. पाणी सांगून येत नाही, ओढावं लागतं. रगत बी ओढावं लागतं. तिनं पुरचुंडी सोडली. आत बिब्बे होते, काळे, तुकतुकीत. आमच्याकडं पाय मुरगळला की बिब्बा, काटा मोडला की बिब्बा, कंबर धरली की बिब्बा. लहानपणी आम्हां भावंडांच्या टाचांवर आईनं तो इतक्यांदा घातलाय की त्या वासानं मला अजून घर आठवतं. जिथं बिब्ब्याचं तेल लागतं तिथं अंग लाल होतं, गरम होतं. रक्त धावून येतं म्हणून लाल होतं, हे तर कुणीही कबूल करेल.

मी नाही म्हणालो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं बायकोनं विचारलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. मी म्हणालो, आक्का, डॉक्टरांनी काही लावायचं नाही म्हणून सांगितलंय.

"अन करायचं काय सांगितलं?"

"काही नाही."

"मंग 'काही नाही' करून बघितलंस की इतके दिस."

त्या दिवशी आमच्या भागात नळाला पाणी येणार होतं. पाणी येण्याच्या दिवशी पुंडलिकनगरात घरातल्या माणसाला दिसायचं, ऐकायचं बंद होतं. सगळं लक्ष मोटारीकडं. बायको खाली पाइप लावत होती. वॉकर समोरच्या भिंतीला टेकवलेला होता. मी उताणा, पायांत उशी. पळून जाता आलं नसतं हे खरं आहे. पण हाक मारता आली असती, आणि मी मारली नाही, कारण इतक्या आठवड्यांत माझ्या मांडीसाठी कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी करत होतं.

आक्कानं दाभणाला बिब्बा टोचून गॅसवर धरला. तो चरचरला, काळं तेल फुटलं. टाक्यांपासून चांगलं लांब, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, तिनं एकाखाली एक ठिपके दिले, चारीवर दारं असतात तसे. भोवती चुन्याचं बोट फिरवलं. शेवटचा ठिपका कुठं देऊ, असं तिनं विचारलं, आणि मी, शिकल्यासवरल्या माणसानं, बोटानं दाखवलं: इथं, टेलला.

थोड्या वेळानं तिथं ऊब आली. छान, खोल ऊब. आक्का, आलं गं, मी म्हणालो. ती म्हणाली, येणारच. आणि आम्ही दोघं शेंगा खात बसलो.

दुसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या जागी फोड होते. तिसऱ्या दिवशी फोडांचा एकच फोड झाला, मांडी लाल आणि ताणलेली, अंगभर खाज. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती, उगीच, थंडी आहे म्हणून. बायकोनं ती एका हातानं बाजूला केली. तिनं मांडीकडं पाहिलं, मग कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेल्या आक्काकडं पाहिलं, आणि काहीही न बोलता माझ्या दोस्ताला फोन लावला. ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडं तयार होती.

दोस्तानं गाडीची पुढची सीट पार मागं पाडली, मला तिच्यावर आडवा घातला आणि गाडी दवाखान्याकडं काढली. सिग्नलला फक्त म्हणाला, "नहर समझाते समझाते खुदच डुब गए, साब." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ठेवला, गिअर टाकायचा असेल तेव्हाच काढला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मांडी बघितली आणि काय लावलं म्हणून विचारलं. माझ्याजवळ गरम पाण्याची पिशवी फुटल्याची एक गोष्ट होती. "पिशवी" एवढाच शब्द झाला होता, बायको म्हणाली, "बिब्बा."

डॉक्टर स्टुलावर बसले. रागावले नाहीत, तेव्हा मी घाबरलो. त्यांनी टाके बघितले, फोडांच्या कडा दाबून बघितल्या, जांघेतल्या गाठी बघितल्या. मग म्हणाले, की कातडं भाजून उघडं पडलं की जंतू आत शिरतात. एरवी त्याचं एवढं काही नसतं. पण आत नवा धातू आहे.

"धातूला रक्त नसतं, काका. जंतू रक्तातून वाहत जाऊन त्याच्यावर बसले, तर आपलं औषधही रक्तातूनच जातं, ते त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. मग दांडा काढावा लागतो."

"आणि हाड?"

"हाड मग पहिल्यापासून."

मला भरती करून घेतलं. हाताला सुई, वर बाटली, मांडीवर ओली पट्टी. आणि तिथं पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं की आता मला उलटं मागायला हवं. इतके आठवडे मी रक्ताची विनवणी करत होतो, की बाबा रे, पोच खालपर्यंत, टेलपर्यंत पोच. आता रक्तात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कालव्याला पाणी आलं की नुसतं पाणी येत नाही. वरच्या गावांची सगळी घाण घेऊन येतं, पहिला लोंढा टेलवालासुद्धा शेतात घेत नाही. पण त्याच्याकडं निदान दार असतं, मातीचं ढेकूळ टाकून तो चारी बंद करू शकतो. माझ्या मांडीत मला काहीच बंद करता येत नव्हतं आणि काहीच उघडता येत नव्हतं. ये म्हटलं तरी ते आपल्या चालीनं येणार, नको म्हटलं तरी येणार. मी ये आणि येऊ नको एकाच श्वासात म्हणत होतो, आणि नर्सला वाटलं मी जप करतोय. चांगलं आहे आजोबा, करा, म्हणाली.

ताप उतरायचा आणि चढायचा. दर वेळी काचेची कांडी काखेत गेली की बायको खिडकीतून बाहेर बघायची.

आक्का गावी गेली नव्हती. ती वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात फरशीवर बसलेली असायची. आत यायची नाही. बायको तिच्यापुढून जायची, यायची, डबा आणायची, औषधं आणायची, पण दोघींत बोलणं नव्हतं. मी आत पडून दाराच्या फटीतून एकीचा पदर आणि दुसरीच्या चपला एवढंच बघू शकत होतो, आणि ज्याच्यामुळं हे झालं तो टॉवेल घरी होता, तो कुणालाच काही बोलला नसता. शेवटी एका दुपारी मी बायकोचा आवाज ऐकला. "वन्सं, चहा घ्या. गार होईल." मग कपबशीचा आवाज आला, आणि मला इतकं बरं वाटलं की पुढचा ताप मी मोजूच दिला नाही, थोडं थांबा म्हणालो.

त्यानंतर आक्का आत आली. पलंगाला धरून उभी राहिली. पट्टीकडं न बघता म्हणाली, "बापू, म्या तुझं बरंच करायला गेले रे."

मला पुष्कळ काही सांगायचं होतं. की टेलचा ठिपका मीच दाखवला. की तिच्या पट्टीला पाणी मिळालं नाही, ते माझ्या हातात नव्हतं, आणि आता हेही माझ्या हातात नाही. एरवी माझी जीभ थांबत नाही. तेव्हा फक्त म्हणालो, "शेंगा चांगल्या होत्या."

तिनं पदर तोंडाला लावला. हसली का रडली, ते मला निजल्या जागेवरून दिसलं नाही.

ताप हळूहळू गेला. रक्ताच्या तपासण्या आल्या. डॉक्टर म्हणाले, जंतू वरच्या वर राहिले असं वाटतं. वाटतं? मी विचारलं. वाटतं, ते म्हणाले. घरी गेलो तेव्हा मांडीवर काळपट डागांची एक रांग होती, आजही आहे. वॉकरची काठी झाली. बघायला येणारे येतच राहिले, पण टॉवेल बायकोनं कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःकडं ठेवली.

मग तपासणीचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर लावला. करड्या हाडात पांढराशुभ्र दांडा, माझ्यापेक्षा ताठ. वरच्या अंगाला त्यांनी पेनानं दाखवलं, इथं हाडानं दांडा धरायला सुरुवात केलेली दिसते. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पेन खाली सरकलं. टोकाशी, जिथं अजून दुखत होतं तिथं, दांडा आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ होती.

ही रेघ काय, मी विचारलं. ते म्हणाले, काही वेळा काहीच नसते, अशीच राहते आणि माणूस आयुष्यभर चालतो. काही वेळा तिथं हाडानं अजून धरलेलं नसतं. पुढच्या फोटोत ती वाढली तर विचार करावा लागेल. तेवढीच राहिली तर विसरून जायचं.

"आणि बिब्ब्याचं काही?"

"जंतूंचं लक्षण आज तरी दिसत नाही."

"पण रक्त पोचलंय का खालपर्यंत?"

"ते फोटोत दिसत नसतं, काका. हाड काय करतं ते दिसतं. रक्त दिसत नाही."

"मग तोवर मी काय करू?"

त्यांनी एक्स-रे काढून पाकिटात घातला. उत्तर मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरी त्यांनी नेहमीच्या शांतपणानं तेच सांगितलं.

घरी आलो. नळाचा दिवस होता, बायको खाली गेली. मी गॅलरीतल्या उंच खुर्चीवर बसलो, पाय लांब केला, काठी आडवी मांडीवर ठेवली. तेवढ्यात आक्काचा फोन आला. त्या प्रकारानंतर ती आली नव्हती, पण फोन करायची, आणि आधी डागांची चौकशी करून मगच माझी करायची. आज फोटो काढायचा आहे हे तिला माहीत होतं.

"काय म्हनले डॉक्टर? पोचलं का रगत खाली?"

मी रेघेचं सांगणार होतो. वाढली तर काय, राहिली तर काय, सगळं ओळीनं सांगणार होतो. पण टॉवेल कपाटात होता, आणि माझ्या तोंडून निघालं ते मी न ठरवताच निघालं.

"सोडलंय, आक्का. पोचेल."

मागं तिच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग ती म्हणाली, "फावडं घेऊन बस मंग."